भित्रीचा धोंडा

आवळदऱ्याच्या वरच्या पठारावर, जिथे पायवाट संपते आणि नुसता काळा कातळ सुरू होतो, तिथे माणसाच्या दुप्पट उंचीचा एक धोंडा उभा आहे. त्याच्या उगवतीच्या बाजूला कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे आणि मावळतीच्या अंगावर एक रुंद पांढरट ओघळ. हा ओघळ धोंड्याच्या माथ्यापासून येत नाही. तो सुरू होतो बाईच्या छातीच्या उंचीवर, आणि तिथून खाली मातीपर्यंत उतरतो. भोवतीच्या दगडी बांधांवर अबईचे वेल चढलेले असतात. त्यांच्या शेंगा हातभर लांब, तलवारीच्या पात्यासारख्या. वाळल्या की वाऱ्यावर खुळखुळतात.

फुलं बघायला पठारावर येणारी मंडळी इथे टेकतात आणि विचारतात, हा कुठला देव? शेंदूर नाही, घंटा नाही. त्यांना वर घेऊन येणारे कोंडाजीबाबा मुठे म्हणतात, "देव न्हाई. ह्यो भित्रीचा धोंडा."

मंडळी हसतात. बाबा त्यांचं हसून होईपर्यंत थांबतात आणि मग सांगायला बसतात.

फार मागची गोष्ट, असे सांगतात. तेव्हा अबई कुणी खात नसे. ती कुंपणावर लावायची, घराला दृष्ट लागू नये म्हणून. शेंगा कोवळ्या असोत की जून, त्यांना हात लावायचा नाही, कारण एका वाईट साली वरच्या आळीतल्या दोन भावांनी वाळलेलं बी भाजून खाल्लं होतं म्हणे. सकाळी खाल्लं आणि ऊन कलायच्या आत धाकटा गेला. थोरला वाचला, पण त्या दिवसाबद्दल एक वाक्य सोडून पुन्हा कधी बोलला नाही. तेव्हापासून अबई म्हणजे मेलेल्यांचं धान्य, अशी समजूत पडली.

त्याच गावात हिरी नावाची एक तरुण बाई होती, आणि ती भित्री होती. गावात तिची ओळखच ती. मुलगी बुधी झाल्यापासून तर फारच. पोर शिंकलं की ताप हिरीला चढतो, असं बाया म्हणायच्या. रात्री बुधी झोपली की हिरी तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघायची; श्वास लागला की निजायची आणि थोड्या वेळाने पुन्हा उठून बोट धरायची. सासू ठकूबाई अंधारातून म्हणायची, "अगं, पोर हाय ते, दिवा न्हाई, इझायला." हिरीलाही ते पटायचं. आपण जरा जास्तच करतो, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून बोट पुन्हा नाकाशी जायचंच.

मग एका साली पाऊस आला आणि अर्ध्यातून परत गेला. भात पोटऱ्यात करपलं. नाचणी, वरई दाणा धरायच्या आत वाळली. हिरीचा नवरा गुरं घेऊन चाऱ्यासाठी घाटाखाली उतरला, गावातले बरेच बापे गेले तसाच. मागे उरल्या म्हाताऱ्या, पोरं आणि पोरांच्या आया. लोकांनी जंगलातले कंद खणून खाल्ले. मग कंदही सरले. हिरीचं दूध आटलं. बुधी आधी रडायची, मग कुरकुरायची, आणि मग एक दिवस ती गप्प बसून राहिली. त्या गप्प बसण्याची हिरीला जितकी भीती वाटली तितकी आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती.

साऱ्या शिवारात हिरवं म्हणून एकच उरलं होतं. कुंपणावरची अबई. तिचं मूळ कातळाच्या भेगेतून खोल उतरतं. तिला पाऊस अर्धा आला काय आणि पुरा आला काय. वेलांवर शेंगा लगडल्या होत्या, आणि लोक मान खाली घालून त्यांच्याजवळून जात होते.

हिरीला माहेरची एक गोष्ट आठवली. तिची आई कडूकंद करायची. चकत्या करायच्या, उकडायच्या, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा उकडायच्या, शेवटी वाहत्या पाण्यात ठेवायच्या. चाखून बघायचं, कडूपणा गेला की विष गेलं. अबईचंही तसंच करावं का? पण अबई कडू लागत नाही, हे साऱ्या गावाला माहीत होतं. त्या थोरल्या भावाने तेवढंच एक सांगितलं होतं, बी चवीला चांगलं होतं म्हणून. जे कडूच नाही, त्यातलं विष गेलं हे जिभेला कळणार कसं?

तरी तिने सासूला न सांगता ओंजळ ओंजळ बी काढलं आणि मडक्यात भिजत घातलं. दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच बुधीला ठकूबाईच्या कुशीत सोडून ती पठारावर चढली. गावातली विहीर कोरडी होती. पाणी होतं ते या टाक्यात, तेही तळाला. शिवाय इथे कुणी बघणार नव्हतं.

फुगलेल्या बियांची साल तिने एकेक करून सोलली. चूल मांडली, बी उकळलं आणि ते पाणी धोंड्याच्या पलीकडच्या अंगावर ओतलं, टाक्यात परत मुरू नये म्हणून. नवं पाणी घातलं. उकळलं. ओतलं. दर वेळी तिला वाटायचं, आता झालं असेल. आणि लगेच वाटायचं, नसेल झालं तर? मग ती पुन्हा टाक्यात उतरायची. दुष्काळात घोटभर पाणी सांडलं तरी बाया एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, आणि ही मडकंच्या मडकं दगडावर ओतत होती. कुणी पाहिलं असतं तर तिला वेड लागलं असंच म्हटलं असतं. तिचीही काही निराळी समजूत नव्हती. किती वेळा पाणी ओतलं ते तिने मोजलं नाही.

शेवटी सरपण संपलं. बी मऊ झालं होतं. ऊन डोक्यावर यायचं होतं अजून.

तिने मूठभर बी खाल्लं.

मनाशी तिने एक ठरवलं होतं. धाकटा भाऊ ऊन कलायच्या आत गेला होता. तेव्हा धोंड्याची सावली उगवतीकडे वळून टाक्याच्या काठाला टेकेपर्यंत थांबायचं. तोवर आपण जिवंत असलो तर बुधीला घास द्यायचा. नसलो तर निदान बुधीने ते खाल्लेलं नसेल.

मग ती सावलीकडे बघत बसली. बसल्या बसल्या तिला वाटलं, जीभ जड झाली. बोलून पाहिलं, "बुधी," तर आवाज नीट आला. मग पोटात कळ आली. ती विषाची की भुकेची, की नुसत्या भीतीची? हात गार पडले होते. पण हिरीचे हात कायमचेच गार. एवढ्या भित्र्या बाईने हे काम घ्यायलाच नको होतं, असं तिच्या मनात आलं; मरायला लागलो तरी आपल्याला ते कळणार नाही, रोजच्यासारखंच वाटेल.

तेवढ्यात खालून खोकला ऐकू आला. धूर बघून ठकूबाई वर आली होती, कडेवर बुधी.

"एकटीच शिजवून खातीस व्हय गं?" धापा टाकत ती म्हणाली. "पोर भुकेनं मान टाकतंय, आन् आई डोंगरावर पंगत मांडून बसलीया!"

"आत्याबाई, तिला खाली उतरवू नका!" हिरी ओरडली. पण ठकूबाईने दम खायला म्हणून पोरीला उतरवलंच होतं. किती दिवस गप्प बसलेल्या बुधीला शिजल्याचा वास आला. ती रांगत, धडपडत मडक्यापाशी पोचली आणि तिने आत हात घातला.

हिरीने झेप घेऊन तिची मूठ धरली. बोटं एकेक करून उलगडली. मुठीत अर्धी बी होती.

उरलेली अर्धी कुठे? तिने पोरीच्या तोंडात बोट घातलं. गालाच्या आत, जिभेखाली, टाळूला. बुधीने कडकडून चावा घेतला. तोंड रिकामं होतं; अर्धी बी पोटात गेली असणार.

"आगं, हात काढ! भुकेल्या पोराच्या तोंडातला घास काढतीस? कैदाशीण हायस का आई?"

"आत्याबाई," हिरी म्हणाली, "ती अबई हाय."

ठकूबाई मटकन खाली बसली. पोरगी मडक्याकडे हात करून किंचाळत होती, आणि हिरी तिला छातीशी घट्ट धरून बसली होती. स्वतःच्या मुलीला अन्नापासून ओढून धरणारी आई. शेवटी म्हातारीने विचारलं, "तू खाल्लीस?"

"मूठभर."

"पाणी किती येळा वतलंस?"

"मोजलं न्हाई. जितक्यांदा भ्या वाटलं तितक्यांदा."

ठकूबाईने धोंड्याच्या मागे जाऊन पाहिलं. छातीच्या उंचीपासून खालपर्यंत दगड भिजला होता, पायथ्याशी चिखल झाला होता. ती परत आली. "आन् आता? आता भ्या वाटतंय का?"

"वाटतंय."

रडून रडून बुधी थकली आणि आईच्या मांडीवर तिचे डोळे मिटले. ही झोप होती की दुसरं काही? हिरीने सवयीने बोट तिच्या नाकाशी नेलं. पण हात इतका थरथरत होता की श्वास लागतो आहे की नाही हेच तिला कळेना. तिने पुन्हा धरलं. काही कळेना. तिने सासूकडे नुसतं पाहिलं.

तेव्हा, असे सांगतात, बुधी जन्मल्यापासून त्या बोटाची थट्टा करणारी ठकूबाई सरकत जवळ आली आणि तिने आपलं स्वतःचं सुरकुतलेलं बोट नातीच्या नाकापुढे धरलं.

"हाय," ती म्हणाली. आणि बोट तिथेच ठेवलं.

दोघी तशाच बसल्या. वर घारी फिरत होत्या. सावली इतकी हळू सरकत होती की ती हलतच नाही असं वाटावं. हिरीने डोळे मिटले की म्हातारी म्हणायची, "हाय." थोड्या वेळाने पुन्हा, "हाय." एकदा म्हातारीला डुलकी लागली आणि तो शब्द आला नाही. त्या एवढ्याशा वेळात हिरीच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले म्हणे.

सावली टाक्याच्या काठाला टेकली. हिरी बसलेली होती. सावली काठ ओलांडून पाण्यात उतरली, आणि बुधी हलली. तिने डोळे उघडले, आईकडे बघितलं नाही, आजीकडे बघितलं नाही. मडक्याकडे बघून म्हणाली, "आनी."

हिरीने एक बी चुरगळून तिला भरवली. मग आणखी एक.

ठकूबाई तोवर उतरणीला लागली होती. तिची हाक वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत गेली म्हणतात.

त्या साली आवळदऱ्यात पोरं जगली ती अबईवर. पुढच्या साली लोकांनी ती कुंपणावरून शेतात आणली. कोवळी शेंग भाजीला, जून बी वाईट दिवसांसाठी मडक्यात राखून, पाला मातीत गाडायला. जिथे दुसरं काही उगवत नव्हतं त्या खडकाळ तुकड्यांवर ती पसरली, आणि ज्या वावरात एक साल अबई झाली तिथे पुढच्या साली नाचणी काळीशार उठते, हेही लोकांच्या ध्यानात आलं.

इथवर आलं की मंडळींपैकी कुणीतरी विचारतंच, मग हिरीचं काय झालं? तिचाच हा धोंडा झाला का?

"न्हाई वो," कोंडाजीबाबा म्हणतात. "धोंडा आधीच हुता. तिनं मडकं घासलं आन् पोर घेऊन घरी गेली. म्हातारी होऊन मेली. शेवटपावेतो नातवंडांच्या नाकाला बोट लावत हुती म्हन्त्यात."

आजही माघात शेंगा खुळखुळू लागल्या की आवळदऱ्याच्या बाया रात्रभर भिजवलेलं बी घेऊन पठारावर येतात. पहिलं मडकं शिजवायचा मान गावातल्या नव्या आईचा. चूल पेटवण्याआधी सगळ्यांत म्हातारी बाई तिला विचारते, "भ्या वाटतंय का?" मागे एका चुणचुणीत सुनेने ठसक्यात सांगितलं होतं, "मला नाही बाई वाटत." बाया खूप हसल्या, आणि मडकं तिच्या हातातून काढून दुसरीच्या हाती दिलं. "वाटतंय" म्हणणारीच्याच हाती ते राहतं. मग बाकीच्या कितीही ओरडोत, "आगं झालं की! टाकं रिकामं करतीस का?", पाणी किती वेळा ओतायचं हे तिचं तीच ठरवते. तिला आकडा कुणी सांगत नाही. आकडा सांगितला तर बाया तितक्यावर थांबतील, असं इथे मानतात. शिजलं की पहिली मूठ ती खाते, आणि सावली टाक्याला टेकेपर्यंत एकाही पोराच्या पानात काही पडत नाही. पोरं रडतात. रडू देतात.

धोंड्यावरचा तो ओघळ इतक्या वर्षांच्या पावसाने पुसला गेला नाही, याचं पाहुण्यांना नवल वाटतं. बाबांना वाटत नाही. दर साली कुणीतरी घाबरलेली बाई तिथे उभी राहते, आणि झालं असं वाटल्यावरही आणखी एकदा पाणी ओतते.