ठमाईची उतरण

फार वर्षांपूर्वी, डोंगरात बातमी पायी नव्हे तर गळ्यानं जायची, त्या काळातली ही गोष्ट. एका खोल दरीच्या दोन काठांवर दोन गावं होती. इकडे उंबरकडा, तिकडे पळसदरा. इतकी समोरासमोर, की इकडची चूल पेटली की तिकडे धूर दिसायचा. पण चालत जायचं तर कडा उतरायचा, तळाचा ओढा ओलांडायचा, पुन्हा कडा चढायचा. अर्धा दिवस मोडायचा. म्हणून लोक काठावर उभं राहून हाळी द्यायचे.

उंबरकड्याची हाळी ठमाई द्यायची. तिचं माहेर पळसदऱ्याचं, सासर उंबरकड्याचं. तिचा आवाज असा, की तिनं हाळी दिली की पलीकडच्या म्हशी माना वळवून घरी निघायच्या आणि कड्यावरची आग्यामोहळं जागची हलायची, असं म्हणतात. कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाची गाय चुकली, सगळं तिच्या गळ्यातून जायचं.

एका वैशाखात उंबरकड्याच्या लोकांनी भाताच्या रोपांसाठी राब भाजला, म्हणजे शेतात पालापाचोळा पसरून जाळला. वारा फिरला. आग वाळल्या गवतातून दरीत उतरली आणि पलीकडच्या कड्यावर चढली. पळसदऱ्याचे हिरडे जळाले. ते हिरडे विकून गावाचं वर्षाचं मीठमिरची चालायचं.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावर देवजी उभा राहिला. देवजी म्हणजे पळसदऱ्याचा म्हातारा कारभारी आणि ठमाईचा सख्खा चुलता. तो ओरडला, "जाळलंत! मुद्दाम जाळलंत!"

उंबरकड्याचा कारभारी लुमाजी, तोही म्हाताराच. तो आपल्या ओसरीवर बसून हळू आवाजात ठमाईला म्हणत होता, "आपली पोरं खाली उतरली होती गं. ओल्या फांद्यांनी आग झोडली. पुतण्याचे तळवे भाजले. पण धुरात त्यांना काय दिसणार?"

"मग हेच सांगते," ठमाई म्हणाली.

"खुळी का काय? सगळं खोरं ऐकतंय. असं रडगाणं ओरडून सांगायचं असतं होय? सांग त्यांना, वारा काय आमच्या बापाचा होता!"

गळा तिचा, शब्द त्यांचे. तिनं तेवढंच ओरडून सांगितलं.

झालं. पलीकडून शिवी आली, इकडून त्या शिवीची आई निघाली. हाळीत लांब बोलणं मावत नाही. एका दमात जेवढं बसेल तेवढंच दरी ओलांडतं आणि एका दमात शिवीच चांगली बसते. शेवटी दोन्ही म्हाताऱ्यांनी वाट बंद केली. इकडचं माणूस तिकडे जाणार नाही, तिकडचं इकडे येणार नाही. म्हातारी माणसं शहाणी असतात असं म्हणतात खरं; पण ते म्हातारी माणसंच म्हणतात.

ठमाईची एकुलती लेक येसू पळसदऱ्यात दिलेली होती. देवजीचीच नातसून. ती पहिलटकरीण होती. दिवस भरत आले होते आणि पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, ही दोन्ही गावांची रीत. ठमाई लुमाजीच्या ओसरीवर गेली.

"बाबा, माझ्या लेकीपुरती वाट उघडा."

"मी कुठं अडवलंय? आधी त्यांनी शिव्या परत घ्याव्यात."

"आणि ते म्हणतात, आधी तुम्ही माफी मागा."

"बसू देत वाट बघत."

"तुमच्या दोघांच्या 'आधी'त माझी पोर मरायची, बाबा."

"बाईमाणसानं यात पडू नये," लुमाजी म्हणाला. हे त्यानं त्या बाईला सांगितलं, जिच्या गळ्याशिवाय त्याचं भांडण दरीपार गेलं नसतं.

ती रोज काठावर उभी राहायची आणि दुसऱ्यांचा राग ओरडायची. तिला राग येत नव्हता, रडू येत नव्हतं. नुसता शीण यायचा, ओल्या घोंगडीसारखा अंगावर बसायचा.

मग एका सकाळी लुमाजीनं नवा शब्द दिला. "सांग त्यांना, येसूला पाठवायची असेल तर तिच्या आजेसासऱ्यानं काठावर येऊन नाक घासावं."

ठमाई काठावर गेली. समोर अंगणात येसू उभी होती, कमरेवर हात टेकून, या काठाकडे बघत. मग ठमाई लुमाजीकडे वळून म्हणाली, "माझ्याच्यानं आता होत नाही. पुरे." आणि कडा उतरू लागली.

त्याच घटकेला दरी बहिरी झाली, असं म्हणतात. लुमाजी स्वतः ओरडला, तर त्याचा शब्द दगडासारखा सरळ खाली पडला. पलीकडे देवजीचं तोंड हलताना दिसलं, आवाज आला नाही. ढोल वाजवले. तेही मुके. खाली ओढ्याकाठच्या खडकावर ठमाई पाय पाण्यात सोडून बसली होती.

ऊन चढेपर्यंत दोघांनी घसे फोडून घेतले. मग देवजी काठी टेकत उतरायला लागला, कारण पुतणी एकटीच खाली बसली होती. ते पाहून लुमाजीही उतरला, कारण देवजी काय बोलतो ते कळायला हवं होतं. खाली पोचेपर्यंत दोघांच्या छातीचे भाते झाले होते. शिवी द्यायलाही दम नव्हता. ठमाईनं ओंजळीनं दोघांना पाणी दिलं.

दम परतल्यावर लुमाजी देवजीच्या कानाशी वाकून म्हणाला, "आमची पोरं उतरली होती रे आग विझवायला. पुतण्याचे तळवे सोलले. अजून धड चालत नाही तो."

"हे ओरडून का नाही सांगितलंस?"

"हे ओरडून सांगता येतं?"

"हिरडे काय, पुन्हा फुटतील," देवजी म्हणाला. "दुसऱ्या दिवशी तुमच्यातलं एक माणूस राख बघायला आलं असतं ना, तर मी ओरडलो नसतो. मी वाट बघत होतो काठावर."

"लाज वाटली रे."

"मग वारा बापाचा नव्हता म्हणालास, ते?"

"ते लाजेनंच."

त्याच संध्याकाळी येसू कडा उतरली. देवजी पुढं चालून काट्या बाजूला करत होता. ओढ्यापलीकडे लुमाजीनं तिचं गाठोडं उचललं. मग खुशीत येऊन म्हणाला, "ठमे, दे बघू हाळी गावाला, मिटलं म्हणून!"

"तुम्हीच वर जाऊन सांगा," ठमाई म्हणाली. "मी लेकीला घेऊन चालले."

येसूला मुलगी झाली. दरीचे कान पुन्हा उघडले. पण ठमाईनं उरल्या आयुष्यात एकही हाळी दिली नाही. ती इतकं हळू बोलायची, की ऐकणाऱ्याला जवळ सरकावं लागायचं, असं म्हणतात.

आजही त्या दोन गावांत जन्म, मरण आणि चुकलेली गाय एवढंच काठावरून सांगतात. तंटा झाला की दोन्हीकडची माणसं ठमाईच्या खडकावर उतरतात, ओढ्याच्या आवाजापेक्षा खालच्या आवाजात बोलतात. आता वर फोन आहेत आणि शिव्या फोनवरूनही एका दमात जातात. पण खाली रेंज येत नाही, ते बरंच आहे. रीत एकच आहे: वयानं जो सगळ्यात मोठा, त्यानं सगळ्यांत आधी उतरायचं. म्हातारे कुरकुरतात. वाट मोडली म्हणतात, ऊन फार आहे म्हणतात, आधी त्यांनी उतरावं म्हणतात. मग घरातली कुणीतरी सून काठी आणून त्यांच्या हातात देते आणि म्हणते, "उतरा, बाबा."