जान्याची खाच

जंगलात अजून वाटाही पडल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. एका झोपडीत बांबूचं जुनं धनुष्य टांगलेलं असे. शिकार मिळाली की शिकारी त्यावर एक खाच पाडी, अशी त्या घराची रीत होती.

नव्या कोऱ्या बाणाने विचारलं, "आजोबा, ही खोल खाच कुणाची?"

"रूपजीची. रानडुक्कर पाडलं त्याने."

"आणि ही?"

"लाडक्याची. बिबट्या."

"मग सगळ्यांत मोठा शिकारी कोण?"

"जान्या."

"त्याची खाच कुठेय?"

"नाहीच. दुष्काळात पाणवठ्यावर जंगलातली शेवटची हरिणी आली, पोटुशी. घरात चूल थंड होती, तरी जान्याने ताणलेली दोरी हळूच सैल केली."

"यात कसला मोठेपणा?"

धनुष्य खेकसलं, "उद्या ज्या हरणांमागे धावणार आहेस, ती आली कुठून रे?"