करवळपाड्यात कोणी बसून बघत नाही

करवळपाड्याचा बोहाडा बघायला आलेल्या माणसाला आधी खटकते ती एक बारीकशी गोष्ट. मैदानात बसायची सोयच नसते. सतरंजी नाही, बाकडे नाही, आणि इतर पाड्यांवर सोंगे आणि माणसे यांच्यामध्ये बांधतात तशी दोरीही नाही. देवादैत्यांचे मुखवटे चढवलेली सोंगे नाचत नाचत अगदी अंगावर येतात आणि बघणाऱ्यांना उभेच राहावे लागते. शहरातून आलेली एखादी मुलगी ओढणी सावरत दगडावर टेकायला जाते, तोच मागून आवाज येतो, "बसायचं असंल तर घरी टीव्हीम्होरं बस, बाय. इथं उभं ऱ्हायाचं."

मुलगी दचकते. हा आवाज हिरूबाय वारघडेंचा. पाड्यातल्या त्या सर्वांत म्हाताऱ्या. पाहुण्यांना उभे का ठेवतात, हे सांगायचा मान त्यांच्याकडे. खेळ सुरू व्हायच्या आधी त्या सांगतात. सुरुवात हसत करतात, पुढे हसत नाहीत.

फार वर्षांमागे इथेही दोरी होती म्हणे. दोरीच्या आत देव, बाहेर माणसे. मुखवटा चढला की आतला माणूस माणूस राहत नाही, अशी समजूत होती. त्याला शिवायचे नाही, नावाने हाक मारायची नाही, खेळ मोडायचा नाही. शेवटच्या दिवशी ऊन वर आले की जगदंबा महिषासुराला मारायची आणि बोहाडा संपायचा. महिषासुराचे सोंग गोमाच्या घराण्याकडे होते. आधी त्याचा बाप ते घ्यायचा, बाप गेल्यावर गोमा घेऊ लागला. गोमाची आई लखमाय दोरीला लागून पहिल्या रांगेत बसायची. बायको सोमी तिच्या पाठीमागे.

सोमी मोठी भित्री होती, असे सांगतात. घरात भांडे पडले तरी तिच्या छातीत धस्स व्हायचे. सासू तिला ससा म्हणायची, आणि ते काही लाडाने नाही.

त्या वर्षी मुखवटा नवा होता. जुना वाळवीने खाल्ला, म्हणून सावरीच्या लाकडाचा दुसरा घडवला. शिंगांसकट चांगला जड, आणि आतून खरखरीत. पहिल्याच तालमीत गोमाच्या कपाळाचे साल निघाले. सोमीने मग आपल्या जुन्या लुगड्याच्या घड्या घालून आतून बसवल्या, कपाळाशी, गालांशी, नाकाच्या दोन्ही बाजूंना. गळ्याखालून बांधायला अंबाडीची नवी दोरी ओवली.

"बघा," ती म्हणाली, "आता उशीवर डोकं टेकल्यावानी वाटंल."

गोमा आतून काहीतरी बोलला आणि दोघेही हसत सुटली, कारण आवाज खरोखरच रेड्यासारखा आला होता.

रेडा डोहातून उठून येतो, म्हणून मैदानात उतरताना त्या सोंगावर घागरी भरभरून पाणी ओततात. बापाच्या वेळेपासून ओतत होते. त्या वर्षीही ओतले. मुखवट्यात आता कापड आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. सोमीच्याही नाही.

संबळ वाजू लागला, पिपाणी चढली, महिषासुर आणि जगदंबा एकमेकांभोवती फिरू लागले. सोमीला पुढच्या डोक्यांतून धड दिसत नव्हते. तिने ऐकले. गोमाच्या डाव्या पायातले चाळ संबळाच्या मागे पडले. एवढेच. झोपेत पाय हलवला तरी ताल धरणारा माणूस तो. पुढच्या फेरीला चाळ पुन्हा मागे पडले, तशी सोमी पुढे वाकली.

"आत्या, ह्यांचा पाय चुकतोय."

"तुझा कान चुकतोय," लखमाय मागे न बघता म्हणाली. "गप बस, सशा. सोंगाला नजर लावू नगं."

मग महिषासुराने दोन्ही हातांनी मुखवटा धरला. गुडघ्यांवर आला. लोकांनी आरोळी ठोकली. "वा रं रेड्या! बापापरीस भारी!" जगदंबा अजून चार हात लांब होती, त्रिशूळ हवेतच होता, आणि तो कोसळला. पालथा. शिंगे मातीत रुतली आणि टाचा जमिनीवर घासू लागल्या.

लखमायने आजूबाजूच्या बायांकडे वळून बघितले. तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता, असे सांगतात. ती म्हणाली, "बघा, माझं पोर कसं मरतंय. याच्या बापाला बी असं मरता आलं न्हाई."

सोमी उठून उभी राहिली होती. आता तिला दिसत होते. मुखवट्याच्या तोंडाच्या फटीत तिच्या लुगड्याचा हिरवा काठ होता. तो आत ओढला जात होता आणि बाहेर येत नव्हता.

ती दोरीखालून आत शिरली. बाई कधी त्या दोरीच्या आत गेलेली नव्हती. तिने गळ्याखाली बोटे घातली. भिजलेली अंबाडी आवळून गाठीचा दगड झाला होता, आणि ती गाठ डोक्याच्या वजनाखाली दबलेली. एकीने शिंगांसकट डोके उचलून धरायला हवे होते, तरच दुसरीला गाठ सुटली असती. दोन्ही कामे तिच्या एकटीच्या हातून होईनात. तिने डोके उचलले की गाठ राहायची, गाठीला हात घातला की डोके पुन्हा मातीत.

"उठा कोणी! डोकं धरा! ह्यांचा जीव चाललाय!"

कोणी उठले नाही. उलट लोक सरसावून बसले. "या वर्साला रेड्याची बायको बी आनली रं!" कोणीतरी ओरडले. कोणी शिटी मारली. मागच्यांनी पोरे खांद्यावर घेतली. ती पुन्हा ओरडली, तर संबळवाल्याने तिच्या ओरडण्याचा ताल उचलला. ती थांबली की तो थांबे, ती ओरडली की तो घुमे, आणि पिपाणीवाल्याने वरून लांब विलापाचा सूर धरला. जगदंबेच्या मुखवट्याला डोळ्यांजागी दोन बारीक भोके होती. आतल्या माणसाला वाटले, खेळात काही नवे घातलेय आणि आपल्यालाच सांगायचे राहून गेले. तो त्या दोघांभोवती नाचू लागला. सोमीने गाठ कापायला त्याच्या दुसऱ्या हातातल्या तलवारीवर झडप घातली. तलवार लाकडाची होती.

तिने मान वर करून माणसांकडे पाहिले. सगळी ओळखीची. कोणाकडून ती विस्तव आणायची, कोणाच्या बाळंतपणात रात्र रात्र बसलेली होती. काही बायांच्या डोळ्यांना धार लागली होती. रडत होत्या, पण बसून.

टाचा घासायच्या थांबल्या.

तेव्हा सोमीने त्याचे नाव घेतले. "गोमा!"

त्या काळी बायको नवऱ्याचे नाव घेत नसे. मुखवटा चढलेल्या सोंगाचे तर कोणीच घेत नसे. सोमीने लग्नात घास भरवताना घेतले असेल, तेवढेच. तिने ते उन्हात, सगळ्या पाड्यासमोर, फाटलेल्या गळ्याने घेतले. "गोमा! ए गोमा!"

संबळवाल्याचा हात वरच राहिला. दैत्याला असले नाव नसते.

इथे पाहुणे हमखास मध्ये बोलतात. गोमा जगला का? हिरूबाय त्यांना टांगून ठेवत नाहीत. जगला म्हणे. पुढे नातवंडे खेळवली. पण बोलणे घोगरे झाले ते कायमचे, आणि मुखवट्याला त्याने पुन्हा हात लावला नाही. दोरी लोकांनी त्याच दिवशी तोडली.

"पन मला सांगायचंय ते मदलं," हिरूबाय म्हणतात. "नाव ऐकल्यावर समद्यांस्नी कळलं व्हतं. एकूण एकाला. तरी बी बसूनच. जो तो शेजारच्याकडं बघतोय, ह्यो उठंल मग म्या उठन." एवढे बोलून त्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघतात. पाहुण्यांना मान खाली घालावीशी वाटते, आपण तिथे नव्हतो हे माहीत असूनही.

आजही करवळपाड्यात त्रिशूळ लागून महिषासुर पडला की खेळ संपत नाही. तो पालथा पडून राहतो. त्याच्या घरची बाई त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारते आणि संबळ गप्प होतो. गाठ ती बाई सोडणार, पण डोके मात्र बघणाऱ्यांतल्या कोणीतरी पुढे होऊन उचलायचे. कोणी, हे ठरलेले नसते. ठरवायचे नाही, हाच नेम आहे. कधी लगेच कोणी धावते, कधी सगळे मैदान श्वास धरून ताटकळत राहते आणि ती बाई हाका मारत राहते, आणि तो पडलेला माणूस खरोखरच हलत नाही. जो पुढे होतो, तो बाप्या असो की बाई, या गावचा असो की परका, त्याने त्या दिवशीचेच शब्द बोलायचे असतात.

त्या दिवशी ते पहिल्या रांगेतून आले. डोक्यावरचा पदर पडलेला, दोरी पायाखाली तुडवलेली, आणि जी एवढा वेळ सगळ्यांत मोठ्याने वाहवा करत होती तिचाच आवाज, ओळखू न येण्यासारखा.

"आले गं सोमे, आले. म्या डोकं धरते. तू सोड."