दोन उंदीर

“पण बाई, झोपलेली पेशी केमोला सापडत नाही, म्हणून तिला आधी जागं करायचं. यात चुकलं कुठे?”

डॉ. सुहृद करंदीकरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

समोर डॉ. झुबेदा मुजावर बसल्या होत्या. मिरजेत चाळीस वर्षं त्यांनी गाठींचे तुकडे तपासले आणि शिकवले. निवृत्त झाल्यावरही घरात मायक्रोस्कोप होता. सुहृद त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. हे त्यालाही ठाऊक होतं.

तो सांगत राहिला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये थोड्या मूळपेशी असतात. केमोत बाकीच्या मरतात, या निपचित पडून वाचतात आणि गाठ पुन्हा उभी करतात. त्याने केमोआधी एक हॉर्मोन दिलं. मूळपेशी जाग्या झाल्या, दुभंगू लागल्या आणि मग केमोत मेल्या. वीसपैकी अठरा उंदीर बरे झाले.

“आणि दोन?”

“त्यांच्यात गाठ परतली. पण ते आधीपासूनच अशक्त होते. मी हिशेबात धरले नाहीत.”



तिकडे सुहृदच्या दवाखान्यात भिवा आवळे वाट पाहत होते. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे. दोनदा केमो होऊन गाठ परतली होती. हे औषध घेणारे ते पहिलेच माणूस, आणि दुपारी संमतीपत्रावर त्यांची सही व्हायची होती. मुळासकट काढू, असं सुहृदने त्यांना सांगून ठेवलं होतं.

बाईंनी हात पुढे केला. त्या दोन उंदरांच्या गाठींचे काप लावलेल्या काचा सुहृदच्या बॅगेत होत्या. का आणल्या होत्या, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्यांनी एक काच मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि खुर्ची सोडली.

“मूळपेशी दाखव.”

रंग दिल्यावर मूळपेशी तपकिरी दिसतात, बाकीच्या निळ्या. सुहृदने काच डावीकडे नेली, उजवीकडे नेली. दुसरी काच लावली…

बराच वेळ गेला.

“एकही नाही,” तो म्हणाला. आवाजात आनंद होता. “म्हणजे औषधानं सगळ्या मारल्या.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

“मग ही गाठ परत कशातून उगवली?”

तो पुन्हा वाकला. निळ्या पेशी एकमेकींना खेटून दाटल्या होत्या. साध्या, ज्यांना तो आजवर मोजतही नव्हता… रंग चुकला असेल, असं त्याला वाटलं. पण रंग त्यानेच दिला होता. कदाचित साधी पेशीच मूळपेशी होत असेल. पण मग मूळपेशी म्हणायचं तरी कुणाला? आणि हॉर्मोननं जागं केलं ते कुणाला?

त्याने मान वर केली, तेव्हा बाई खिडकीशी उभ्या होत्या.

आवळ्यांची सही पुढे ढकलावी का, असं त्याने विचारलं. मग तोच म्हणाला, की आवळ्यांना दुसरा इलाज उरलेला नाही. औषध दिलं नाही तर ते जातील, आणि दिलं तर…



“बाई, तुम्हाला माहीत आहे का, हे कसं झालं?”

“नाही.”

तो खुर्चीवरून उठून जमिनीवरच बसला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासारखा.

“मग मी आवळ्यांना सांगू काय? मला काहीच कळेनासं झालंय.”

बाईंनी दोन्ही काचा पुसून त्याच्या हातात ठेवल्या.

“हेच सांग… याच शब्दांत.”