पटावरचे सोन्याचे नाणे

फार फार जुनी गोष्ट. बुद्धिबळाचा खेळ तेव्हा हिंदहून इराणात नुकताच पोचत होता.

इराणच्या शहाला लढायांची भारी हौस. सैन्य दमले होते, घोडे दमले होते आणि म्हातारा वजीर तर सगळ्यांहून जास्त दमला होता. शेजारच्या राजाने तहासाठी दूत पाठवला होता. पण शहा त्याला रोज बाहेरच बसवून ठेवी.

अशात हिंदचा एक व्यापारी हा खेळ घेऊन दरबारात आला. सोंगट्या मांडत म्हणाला, "राजावर हल्ला केला की आधी 'शह' म्हणून बजावायचं. राजाला गाफील गाठायचं नाही."

वजिराला बरे वाटले. शहा निदान खेळात हरायला शिकला, तर तहही करील, असे त्याच्या मनात आले. भोळी आशा, दुसरे काय!

शहाला लाकडाचा राजा पसंत पडेना. "हा ठोंब्या म्हणजे मी?" असे म्हणून त्याने त्या जागी आपला चेहरा कोरलेले सोन्याचे नाणे ठेवले. झाली पंचाईत. नाण्यावरच्या चेहऱ्याचा अपमान तो शहाचा अपमान, अशी त्या दरबारची रीत. त्याला शह देणार कोण? भलेभले सरदार मुकाट्याने हरू लागले. शहा रोज जिंकू लागला आणि रोज फुगू लागला.

शेवटी वजीर स्वतः खेळायला बसला आणि डाव रंगात आल्यावर हळूच म्हणाला, "खाविंद, शह."

शहाने पट उधळून दिला. "पुन्हा कुणी हा शब्द काढला, तर जीभ छाटीन!" मग त्याने दूताला आत बोलावले. "जा, सांग तुझ्या राजाला. मला हरवणारा अजून जन्मायचाय."

वजीर घरी गेला. खरे सांगायचे तर त्याला भीती वाटली नाही, नुसता थकवा आला.

तह फिसकटला आणि शेजारचा राजा फौज घेऊन निघाला. तो खिंडीत दिसला, तेव्हा पहारेकरी एकमेकांची तोंडे पाहत राहिले. त्याने नदी ओलांडली, तरी सरदार गप्प. शहाला सावध करणे म्हणजे शह देणेच, आणि जीभ सगळ्यांनाच प्यारी होती. शहा पटावर जिंकतच होता.

वेशीचे दार कोसळले, तेव्हा तो ओरडला, "मला आधी कुणी सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं, खाविंद," वजीर म्हणाला. "आपणच पट उधळलात." एवढे बोलायलाही त्याला धाप लागली.

शहा कैदेत गेला. शहर जळाले. ज्यांनी तो पट कधी पाहिलाही नव्हता, त्यांची घरेही जळाली.

तात्पर्य : सावध करणाऱ्याचे तोंड जो बंद करतो, त्याला संकट गाफीलच गाठते.