उद्यापन नसलेला वसा

ऐक नाडीमाये, तुझी कहाणी. आणि बायांनो, तुम्हीही ऐका. हातातल्या कुरडया आधी खाली ठेवा. खारट चघळत ही कहाणी ऐकायची नसते.

एक नगर होतं, आटपाट म्हणा हवं तर. तिथं एक घर होतं. घरात सासू, तिचा मुलगा, सून आणि माहेरी राहिलेली नणंद. सुनेचं नाव द्वारका. द्वारकेनं नवऱ्यासाठी वडाला सूत गुंडाळलं, लेकरांसाठी उपास केले, भावासाठी देव पाण्यात ठेवले. स्वतःच्या जिवासाठी मात्र एक वसा कधी घेतला नाही. कुणी शिकवलाच नव्हता मेला.

मग काय झालं? द्वारकेचं डोकं ठणकू लागलं. डोळ्यांपुढं अंधारी येऊ लागली. जिना चढताना छाती धडधडू लागली. सासू म्हणाली, "ऊन लागलं असेल." नवरा म्हणाला, "पित्त झालं असेल." नणंद म्हणाली, "कामाचा कंटाळा आला असेल." डॉक्टरकडे ने म्हणून एकाच्याही तोंडून निघालं नाही. जळलं मेलं ते घर.

एके दिवशी भर दुपारी नाडीमाय म्हातारीचं रूप घेऊन दारी आली. द्वारका ओंजळभर तांदूळ घेऊन बाहेर आली. म्हातारीनं तांदूळ घेतले नाहीत, तिचं मनगट धरलं.

"बाई गं, तुझं रक्त संतापलंय. असंच राहिलं तर तुला आडवी करील."

"मग मी काय करू, आजी?"

"वसा घे. पण तुला वसा कशाला सांगू? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"मग ऐक. आजच डॉक्टरकडे जा. ते देतील ती गोळी रोज घे. सकाळी उठून वेशीपर्यंत चालत जा, चालत ये. ताटातलं वरचं मीठ पुसून टाक. लोणचं, पापड, तळण दुसऱ्यांना खुशाल वाढ, आपल्या पानात घेऊ नको."

द्वारका डॉक्टरकडे गेली. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा पाहिला आणि म्हणाले, "बाई, इतकं प्रेशर घेऊन तुम्ही उभ्या कशा?" त्यांनी गोळ्या दिल्या. बाकी सगळं म्हातारीनं सांगितलं तेच सांगितलं.

मग द्वारकेनं वसा मांडला. सासू कडाडली, "अळणी सुतकात खातात. माझा मुलगा धडधाकट आहे आणि ही सवाष्ण अळणी गिळतेय." द्वारकेनं आपली आमटी आधी काढून घेतली, मग घरच्या पातेल्यात मीठ घातलं. नवरा म्हणाला, "बाईमाणूस सकाळी उठून रस्त्यानं झपाझपा चालतंय, लोक काय म्हणतील?" द्वारका देवीला जाते म्हणून वेशीपर्यंत जाऊन आली. नणंद म्हणाली, "एका पापडानं काय होतंय?" द्वारका हसून पापडांचं ताट पुढं सरकवत राहिली. काय करील? जगायचंसुद्धा चोरून.

असं करता करता रक्त शांत झालं. डोकं थांबलं, अंधारी गेली. डॉक्टर म्हणाले, "छान. असंच चालू ठेवा."

पण चालू ठेवू देतील तर घरचे कसले? नणंद म्हणाली, "वसा फळाला आला, आता उद्यापन करायला हवं." सासू म्हणाली, "उद्यापन नाही केलं तर दोष लागतो." नवरा म्हणाला, "होऊन जाऊ दे एकदाचं." द्वारकेला कुणी विचारलं? डोंबल.

मग उद्यापन झालं. सवाष्णी बोलावल्या. पुरणपोळ्या लाटल्या, कटाची आमटी केली, पापड-कुरडयांचे ढीग तळले. द्वारकेला पाटावर बसवून लोणच्यासकट भरलं ताट तिच्यापुढं ठेवलं. आणि ऐका आता, निर्माल्याबरोबर नणंदेनं गोळ्यांची पाकिटंही नदीत सोडली. हळदकुंकू वाहून सोडली. हसता काय? तुमच्यातल्या कितीजणींनी बरं वाटल्याबरोबर गोळी बंद केली, ते मला चांगलं ठाऊक आहे.

पुन्हा गोळी आणायचं नाव कुणी काढलं नाही. वसा पुरा झाला, म्हणून ताटात मीठ आलं, चालणं सुटलं. थोडे दिवस बरे गेले. मग एका सकाळी पोळ्या लाटताना द्वारकेच्या हातातून लाटणं गळालं. तोंड वाकडं झालं. जीभ जड पडली. उजवं अंग लुळं पडलं. धावपळ करून दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण वाचा गेली.

मग नाडीमाय त्या घरात आली, ती तोंड फिरवूनच उभी राहिली. सासूनं पाय धरले. "माये, आमचं काय चुकलं?"

"वर मलाच विचारतेस? अळणीला सुतक म्हणालीस आणि खरं सुतक उंबऱ्याशी आणलंस. तू रे, बायकोच्या चालण्याची लाज वाटली तुला. आता खांदा दे तिला, एकेक पाऊल टाकायला. आणि तू गं, उद्यापन करायला कुणी सांगितलं होतं? रक्त वाहतंय तोवर हा वसा चालतो. त्याचं उद्यापन एकदाच होतं, सरणावर. तिथं न्यायला निघाला होतात तुम्ही तिला."

मग घरानं वसा धरला. सासूनं पातेल्यातलंच मीठ कमी केलं. नवरा तिचा हात धरून वेशीपर्यंत जाऊ लागला. नणंद वेळच्या वेळी गोळी तळहातावर ठेवू लागली. द्वारकेच्या अंगात हळूहळू बळ आलं. जीभ तेवढी वळेना.

पुढं सण आला. चुलतसासू पाहुणी आली. तिनं पापड उचलला आणि द्वारकेच्या पानात टाकला. "घे गं. पथ्य काय, रोजचंच आहे. सणाचं एकानं काही होत नाही."

द्वारकेचे ओठ हलले. सगळे जेवायचे थांबले.

"नको," द्वारका म्हणाली.

चुलतसासूनं दुसरा पापड उचलला.

"नको म्हटलं ना."

लग्न होऊन त्या घरात आल्यापासून हा शब्द तिनं पहिल्यांदा उच्चारला. मरणाच्या दारातून परत येऊन उच्चारला. सासूनं मुकाट्यानं पापडांची परात उचलून आत नेली.

नाडीमाये, द्वारकेला जशी नको म्हणायची जीभ फुटली, तशी आम्हा सगळ्याजणींना फुटू दे, आणि जीभ वाकडी व्हायच्या आधी फुटू दे. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, सुफळ झाली. संपूर्ण म्हणायची नाही. उठा आता, वेशीपर्यंत चालून या.