कच्चं लिंबू

“मग चुकलेल्या पोराचं काय करतोस?” सखाहरी गुरुजींनी विचारलं. बाजेचा सुंभ ओढत होते, मान वर केली नाही.

“बाद करतो,” विश्राम मास्तर म्हणाला. “खेळाचा नियमच आहे तो.”

“आणि बाद झालेलं पोर?”

“भिंतीला टेकून बसतं. खेळ संपेपर्यंत.”

“हं…”

विश्राम मास्तर तसा हुशार. शहरात वाढलेला, खेळातून इंग्रजी शिकवायचं प्रशिक्षण घेतलेला, आणि ते घेतलंय हे भेटेल त्याला सांगणारा. पण आज त्याचं तोंड उतरलं होतं. डोंगरातल्या या शाळेत तो आला, चित्रांची कार्डं आणली, चेंडू आणला, शिट्टी आणली. पोरांनी गोल करायचा, चेंडू फिरवायचा. शिट्टी वाजली की ज्याच्या हातात चेंडू, त्यानं कार्ड बघून इंग्रजी शब्द सांगायचा. खेळ झकास. पोरं मात्र मुकी.

त्यात रुपाली भांगरेचा बाप काल दारात उभा राहून सांगून गेला होता. “मास्तर, पोरगी घरी इंग्रजीचा एक शब्द काढत न्हाई. उद्या शाळा सुटल्यावर न्यायला येतो. तालुक्याला वसतिगृहात टाकतो.”

दुसरीतली पोर. अजून आईच्या कुशीत झोपणारी.

“गुरुजी, तुम्ही याच शाळेत जन्म काढलात. सांगा ना, कुठला खेळ घेऊ? माझ्याकडं खूप आहेत.”

“शेवटी गोलात कोण उरतं?”

“ज्यांना येतं ती. दोघं-तिघं.”

“बाकी सगळी भिंतीला?”

“हो.”

“मग भिंतीला आता बरंच इंग्रजी येत असेल.”

विश्रामला राग आला. तो उठलाच. गुरुजी पण उठले, सुंभ बाजेवर टाकला, धोतर झटकलं आणि शाळेच्या वाटेला लागले. चल म्हटलं नाही, कशाला ते सांगितलं नाही. मास्तर मागं.

शाळेची मधली सुट्टी होती. पोरं चिंचेखाली पानं ओळखायचा खेळ खेळत होती. ज्याच्यावर राज्य, त्यानं डोळे मिटायचे, नाकाशी धरलेलं पान वासावरून सांगायचं. चुकला की राज्य त्याच्यावरच.

“याला घ्या रे खेळायला,” गुरुजी म्हणाले.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मास्तर तर ताठच झाला.

“गुरुजी, मला झाडांची नावं…”

“मिट डोळे.”

मिटले. नाकाशी काहीतरी उग्र आलं.

“कढीपत्ता,” मास्तर म्हणाला.

पोरं फिदीफिदी हसली. निरगुडी होती. दुसरं पान आलं, तो तुळस म्हणाला. घाणेरी होती. मग करवंदाच्या पानाला तो आंबा म्हणाला, आणि एक पोरगं हसता हसता खालीच बसलं.

मास्तरचे कान तापले. आता तोंड उघडायचंच नाही, असं त्याला वाटलं. पान नाकाशी होतं, नाव ओठावर होतं… पण बोलेना.

“सर बोलंनात,” एक जण म्हणाला. “राज्य सुटंल कसं?”

तेव्हा मागून बारीक आवाज आला. रुपालीचा.

“सरांना कच्चं लिंबू ठेवा ना रं. ते नवं हायेत.”

लहानग्याला खेळात घेतात, पण त्याच्यावर राज्य देत नाहीत, त्याला बादही करत नाहीत. चुकला तर चुकला, खेळतो आपला. पोरांनी माना हलवल्या. ठरलं. वाद नाही, चर्चा नाही.

मग मास्तर बिनधास्त चुकायला लागला. पळसाला साग म्हणाला, सागाला काहीतरी भलतंच. कोणी काही म्हणेना, खरं नाव सांगत आणि पुढचं पान धरत. घंटा व्हायच्या आधी पुन्हा तो उग्र वास आला.

“निरगुडी,” तो म्हणाला, आणि स्वतःच इतका खूश झाला की पोरं परत हसली.

वर्ग भरला. गुरुजी दारात उकिडवे बसले. मास्तरनं गोल करायला लावला आणि या खेपेला स्वतःही गोलात बसला. चेंडू फिरला, रुपालीकडं थांबला. कार्डावर शेळी होती.

रुपालीनं कार्ड जवळ धरून पाहिलं.



“डॉग,” ती म्हणाली, आणि सवयीनं भिंतीकडं निघाली.

मास्तरचं तोंड उघडलं. ‘बाद’ अगदी जिभेवर आलं. त्यानं दाराकडं बघितलं. गुरुजी वर वाशांकडं बघत मान खाजवत होते.

“बस खाली,” मास्तर म्हणाला. “तू कच्चं लिंबू. ती गोट. फिरवा चेंडू.”

चेंडू फिरला. रुपाली परत चुकली. आणखी दोघं चुकले. भिंत मोकळीच राहिली. मग पुन्हा शेळीचं कार्ड निघालं आणि चेंडू दुसऱ्याच्या हातात होता, तरी रुपालीच गुडघ्यावर उठून बोलली.

“गोट. सर, गोट. आमच्याकडं हाय ती. दोन पिलं हायेत तिला.”

वर्ग संपला तरी पोरं गोल मोडेनात.

शाळा सुटली. फाटकाशी रुपालीचा बाप उभा होता, खांद्याला कपड्यांची पिशवी. रुपाली पळत गेली, त्याचा हात धरला आणि बैलाला, कोंबडीला, झाडाला, जे दिसेल त्याला इंग्रजी नावं देत सुटली. निम्मी चूक होती. बापाला काय कळतंय. तो ऐकत राहिला, मग मास्तरकडं बघून म्हणाला,

“बोलती तर खरं. ऱ्हाऊ द्या हितंच.”

पिशवी तशीच घेऊन तो पोरीच्या मागं घराच्या वाटेला लागला.

मास्तर पायरीवर बसला. सकाळपासून छातीवर धोंडा होता, तो आत्ता कुठं उतरला. त्याला हसूही येत होतं, डोळ्यांत पाणीही.

गुरुजी घराकडं वळले.

“गुरुजी,” त्यानं मागून हाक मारली. “तुम्हाला हे शिकवायचं नीट कधी जमायला लागलं?”

गुरुजी थांबले. मागं वळले नाहीत.

“मलाही अजून पोरंच सांभाळून घेतायत.”